मॉरिशसला निघताना

मॉरिशस बेटावर मूळचा असा कोणीच नाही. आज तिथे राहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस जहाजातून आलेल्या कोणाचा तरी वंशज आहे. त्यामुळे या बेटावर जाण्याच्या तयारीचा इतिहास तिथल्या वस्तीइतकाच जुना आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर, मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर असलेले हे ज्वालामुखीचे बेट मुंबईपासून साधारण ४,७०० किलोमीटर दूर आहे. शिडाच्या जहाजाला हे अंतर कापायला पाच-सहा आठवडे लागत, वारा रुसला तर त्याहून जास्त. एवढ्या वाटेत घ्यायला दुसरे बंदर नाही असे धरूनच जहाज भरावे लागे. निघताना जे विसरले ते विसरले.

अरबी खलाशांना हे बेट ठाऊक होते, सोळाव्या शतकात पोर्तुगीजही इथे टेकून गेले. वस्ती मात्र कोणी केली नाही. १५९८ मध्ये डच आरमाराची काही जहाजे वादळाने विखुरल्यावर या किनाऱ्याला लागली. महिनोन्‌महिने खारवलेले मांस आणि वाळकी बिस्किटे खाऊन खलाशांना स्कर्व्ही झालेला असे. हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. गोडे पाणी, ताजे मांस आणि फळ एवढेच त्यावर औषध होते. म्हणून डचांनी या बेटावर फळझाडांच्या बिया पेरल्या, कोंबड्या सोडल्या आणि मागून येणाऱ्यांना कळावे म्हणून झाडावर फळी ठोकली. आपल्या मागून येणाऱ्याचा शिधा आधीच बेटावर ठेवायचा, ही या प्रवासाची पहिली पद्धतशीर तयारी. तिची किंमत बेटाने मोजली. डुकरे, माकडे आणि जहाजातले उंदीर रानात पसरले. जमिनीवर घरटे करणाऱ्या आणि उडता न येणाऱ्या डोडो पक्ष्याची अंडी त्यांच्या तोंडी गेली. सतराव्या शतकाच्या अखेरपर्यंत डोडो नाहीसा झाला होता.

डचांनी १६३८ मध्ये वसाहत मांडली, जावाहून ऊस आणला आणि १७१० मध्ये बेट कायमचे सोडले. पुढे १७१५ मध्ये फ्रेंच आले. १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या ला बूर्दोने याने पोर्ट लुई हे बंदर उभे केले; जहाजांची दुरुस्ती, रुग्णालय, पाणी, भाजीपाला यांची सोय लावली. पांप्लमूसची बाग मुळात जहाजांना भाजी पुरवणारा मळा होती. पिएर प्वाव्र याने तिथे मसाल्याची झाडे आणून लावली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले तेव्हा त्यांना आयते बंदर मिळाले.

मुंबईहून निघणाऱ्या जहाजाची तयारी वाऱ्याच्या हिशेबाने सुरू होई. नोव्हेंबर ते मार्च या काळात अरबी समुद्रावर ईशान्येचा वारा असतो. तो जहाजाला पाठीमागून ढकलत विषुववृत्तापर्यंत नेतो. तिथे काही दिवस वारा पडतो, शिडे लोंबू लागतात आणि पाण्याची पिंपे मोजावी लागतात. त्यापुढे आग्नेयेचा व्यापारी वारा लागतो आणि मॉरिशस त्याच्याच पट्ट्यात आहे. म्हणून नाखवा सरळ रेषेत न जाता पूर्वेकडे अंग राखून दक्षिणेला उतरे, म्हणजे शेवटच्या टप्प्यात हा वारा कुशीवर घेता येई. एकदा बेटाच्या पश्चिमेला घसरले की वाऱ्याच्या तोंडात परत चढणे महाकठीण. ऐन पावसाळ्यात तर मुंबईहून नैर्ऋत्येला निघणे म्हणजे येणाऱ्या वाऱ्याशी पहिल्या दिवसापासून झुंज.

मुंबईतून निघायला जो काळ सोयीचा, तोच मॉरिशसला चक्रीवादळांचा, हा या वाटेचा खरा पेच होता. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने तिथला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल हा असतो आणि वादळे त्याच महिन्यांत येतात. तिकडचे वादळ फिरतेही उलटे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बंगालच्या उपसागरात मुरलेल्या नाखव्याने वादळापासून सुटण्याची जी युक्ती शिकलेली असे, ती इथे जशीच्या तशी वापरली तर जहाज थेट वादळाच्या पोटात जाई.

या प्रश्नावर सगळ्यात मोलाचे काम ज्याने केले तो चार्ल्स मेल्ड्रम १८४६ मध्ये मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला आला होता. दोन वर्षांनी त्याची बदली मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात झाली. १८५१ मध्ये त्याच्या पुढाकाराने तिथे हवामान संस्था निघाली. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या रोजनिशीतून वारा, वायुभारमापकाचा पारा आणि जहाजाचे ठिकाण उतरवून घ्यायचे आणि एकाच दिवसाच्या अनेक जहाजांच्या नोंदी एका नकाशावर मांडायच्या, असा त्याचा क्रम होता. ज्या समुद्रावर एकही वेधशाळा नाही तिथले वादळ कोणत्या दिवशी कुठे होते हे त्यातून दिसू लागले. पारा उतरू लागला की बंदरातली जहाजे नांगर उचलून खुल्या समुद्रात जात, कारण बंदरात एकमेकांवर आदळून फुटण्यापेक्षा ते बरे. तरीही २९ एप्रिल १८९२ रोजी, मोसम सरला असे वाटत असताना आलेल्या वादळाने बेटावर १,२०० हून अधिक माणसे मारली. वादळाचा डोळा बेटावरून गेला तेव्हा वारा थांबला, लोक बाहेर पडले आणि मग उलट्या दिशेने दुसरा तडाखा बसला.

माणसांच्या तयारीला वेगळे वळण १८३४ मध्ये लागले. १ फेब्रुवारी १८३५ पासून मॉरिशसमध्ये गुलामगिरी बंद होणार होती आणि ऊसमळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. त्यांचा करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला ५ रुपये, सहा महिन्यांचा आगाऊ. परतीच्या भाड्यासाठी दरमहा १ रुपया कापला जाई. त्याशिवाय रोजचा तांदूळ, डाळ आणि मीठ, आणि वर्षाला धोतरे, घोंगडी, बंडी आणि टोपी. या करारालाच ‘अ‍ॅग्रीमेंट’वरून ‘गिरमिट’ हे नाव पडले. पुढच्या पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास माणसे याच वाटेने गेली. सगळ्यात जास्त कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून, मुंबई तिसरी. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतले मराठी लोक होते आणि त्यातले बरेच आधी पोटासाठी मुंबईत आलेले होते.

आगाऊ पगार ही या प्रवासाची सगळ्यात फसवी तयारी होती. सहा महिन्यांचे पैसे हाती आल्यासारखे दिसत. त्यातून सावकाराचे देणे भागे, घरी काही ठेवले जाई, भरती करणाऱ्या मुकादमाच्या हातावर काही पडे. पण माणूस जहाजात चढे तो अर्ध्या वर्षाचे कर्ज अंगावर घेऊनच. अनेकांना आपण किती दूर जातो आहोत हेही नीट सांगितलेले नसे. अशा तक्रारी इतक्या वाढल्या की १८३८ मध्ये भरती थांबवावी लागली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली तेव्हा प्रत्येक बंदरात सरकारी संरक्षक अधिकारी नेमण्याची अट आली. त्यानंतर मिळू लागलेला परतीचा फुकट प्रवास मात्र १८५० च्या दशकात काढून घेण्यात आला. फसवणूक झाली हे खरे, पण सगळेच अजाणतेपणी गेले असे म्हणणे या माणसांवर अन्याय करणारे आहे. एक फेरी करून परत आलेले लोक गावात येत, भाऊबंदांना घेऊन दुसऱ्यांदा निघत. कोणता मळा बरा, कोणता मुकादम मारकुटा, सोबत काय न्यावे, हे ज्ञान छापील पुस्तकात नव्हते. ते अशा परतलेल्या माणसांच्या तोंडी होते.

जहाज मिळेपर्यंत बंदरातल्या डेपोत राहावे लागे. तिथे डॉक्टर तपासणी करी. हात पाहिले जात, कारण ज्याच्या तळहातावर घट्टे नाहीत तो उसाच्या कामाला टिकणार नाही असा हिशेब. ज्यांना देवी येऊन गेल्या नव्हत्या त्यांना देवी काढत. जहाजाच्या कोंदट तळात एकाला देवी आल्या तर अख्खे जहाज धोक्यात येई. मग नोंदवही. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, परगणा, उंची आणि अंगावरच्या खुणा: कपाळावरचा व्रण, दंडावरचे गोंदण, देवीचे वण. कारकून ऐकू येईल तसे लिही. कोकणातला उच्चार इंग्रजी लिपीतून जाई आणि पलीकडे फ्रेंच वळणाच्या जिभेवर पुन्हा बदले. बापाचे नाव हेच पुढे आडनाव होऊन बसले. मॉरिशसच्या कितीतरी मराठी कुटुंबांची आजची आडनावे ही मुळात कोणा एका आजोबाची किंवा पणजोबाची पहिली नावे आहेत.

गाठोड्यात फार काही मावत नसे. अंगावरचे कपडे, एक जोड, तांब्या, ताट, एखादे भांडे, देव्हाऱ्यातला एखादा टाक. मराठी लोकांनी नेलेल्यांतले जे खऱ्या अर्थाने टिकले त्याला वजन नव्हते. कोकणातली जाखडी तिकडे ‘झाकरी’ झाली. गौरी-गणपतीत ती आजही नाचली जाते आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. घोंगडी मात्र सगळ्यांना लागे. उष्ण कटिबंधातल्या बेटावर थंडी कसली, असे निघताना वाटे. पण बेटाच्या मध्यावरचे पठार साडेपाचशे मीटर उंच आहे आणि जून ते सप्टेंबरमध्ये तिथे बोचरा पाऊस आणि धुके असते. करारात घोंगडी लिहिलेली होती ती उगीच नाही.

जहाजावरच्या अन्नाचा तपशील नियमांनी ठरलेला होता: तांदूळ, डाळ, तूप, मीठ, हळद, मिरची, सुकी मासळी, आणि चूल पेटवता येणार नाही अशा खवळलेल्या दिवसांसाठी पोहे व चणे. माणशी जागाही ठरलेली होती आणि मोठ्या तांड्यासोबत डॉक्टर असणे बंधनकारक होते. पाणी लाकडी पिंपांत भरलेले असे. आठवडाभरात त्याला वास येई, महिन्याभरात रंग. जात आणि सोवळे सांभाळणाऱ्यांसाठी सगळ्यात अवघड प्रश्न शिजवणाऱ्याचा होता. स्वयंपाकाला प्रवाशांतलीच माणसे नेमत, पण एका चुलीवर सगळ्यांचे शिजे. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानणाऱ्या घरांतून आलेल्या माणसाचा धर्म जहाज सुटल्यावर पहिल्या जेवणालाच बुडे. पंक्तीतली ही मोडतोड सोसलेल्या लोकांत जे नाते जुळले ते ‘जहाजी भाऊ’ या नावाने ओळखले गेले. पुढे लग्ने जमवताना जहाजी भावाची मुले सख्खी भावंडे मानावीत, इतके ते घट्ट होते.

एवढे करूनही प्रवाशाच्या हाती नसलेली एक गोष्ट उरे: बेटावर उतरू देतील की नाही. पोर्ट लुईच्या लोकांना पटकीची दहशत होती; १८५४ मध्ये तिने शहर पोखरले होते. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या जहाजांवर पटकीचा संशय आला. त्यांतल्या प्रवाशांना बेटाच्या उत्तरेला असलेल्या गॅब्रिएल या ओसाड खडकाळ बेटावर उतरवण्यात आले. निवारा नाही, पुरेसे पाणी नाही, वर वादळी पावसाळा. तीनशेच्या आसपास माणसे तिथेच मेली. मुख्य बेट तिथून डोळ्यांना दिसते. पाच आठवड्यांची वाट संपवून, उसाची हिरवी शेते समोर दिसत असताना ही माणसे गेली, आणि ती रोगाइतकीच बेपर्वाईने गेली. हिंदुस्थान सरकारने त्यावर मजूर पाठवणे काही काळ थांबवले. त्यानंतर शेजारच्या फ्लॅट बेटावर इमारती, दवाखाना आणि पाण्याची सोय असलेले विलगीकरण केंद्र नीट उभे राहिले.

जहाजाला परवानगी मिळाली की प्रवासी होडीतून त्रू फांफारों या खाडीतल्या धक्क्यावर येत. १८४९ मध्ये बांधायला घेतलेला हाच तो कुली घाट, आजचा आप्रवासी घाट. पाण्यापासून वर जायला १६ दगडी पायऱ्या आहेत. वर स्वयंपाकघर, न्हाणी, शौचकूप, दवाखाना आणि मोठे आवार. इथे दोन दिवस ठेवून पुन्हा नोंद होई, प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि मळा ठरे. १८६० च्या दशकापासून छायाचित्रही घेऊ लागले, आणि १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पडले. ते नसले की तुरुंग. युनेस्कोने २००६ मध्ये हा घाट जागतिक वारसा म्हणून नोंदवला. २ नोव्हेंबर हा आगमनाचा दिवस म्हणून देशभर पाळला जातो.

१८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मॉरिशसला जाणाऱ्याने हिवतापाची काळजी करण्याचे कारण नव्हते. तोपर्यंत बेटाची ख्याती निरोगी हवेची होती. आजारी गोरे लोक हिंदुस्थानातून तिथे हवापालटासाठी जात. मग डास आणि रोगजंतू दोन्ही जहाजांतून आले. जंगल तोडून केलेली उसाची शेते, तुंबलेले पाणी, दाट वस्ती, सगळे तयारच होते. १८६६ ते १८६८ या काळात तापाने किनारपट्टीवर हजारो माणसे नेली आणि क्विनाइनचा तुटवडा पडला. नुकतीच सुरू झालेली आगगाडी हाताशी होती. ज्यांना परवडले ते पोर्ट लुई सोडून पठारावरच्या क्युरपीपला राहायला गेले. बेटावर श्रीमंतांची वस्ती उंचावर आणि गरिबांची खाली, ही मांडणी त्या तापाने पक्की केली. पुढे डास हा हिवतापाचा वाहक आहे हे हिंदुस्थानात सिद्ध करणारा रोनाल्ड रॉस १९०७-०८ मध्ये स्वतः तिथे गेला आणि डबकी बुजवण्याचा, गटारे काढण्याचा सल्ला देऊन आला. क्विनाइनची बाटली आणि मच्छरदाणी ही त्या काळापासून मॉरिशसच्या प्रवाशाच्या सामानात पक्की बसली.

१८६९ मध्ये सुवेझचा कालवा उघडला आणि युरोप-हिंदुस्थान वाटेवरचे हे बेट आडवाटेला पडले. वाफेच्या बोटींनी वाऱ्याचा हिशेब संपवला, दिवस कमी केले; तरी मोठ्या बोटी इथे यायला आता कारण लागे. करारबद्ध भरती १९१० मध्ये संपली. त्या सुमारास व्यापारी, शिक्षक, धर्मप्रचारक आणि वकील जाऊ लागले, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून. १९०१ च्या ऑक्टोबरअखेरीस दक्षिण आफ्रिकेहून मुंबईला निघालेले मोहनदास गांधी यांची ‘नवशेरा’ बोट पोर्ट लुईला थांबली आणि त्यांचा तिथे जवळजवळ तीन आठवडे मुक्काम झाला. बेटावरच्या हिंदी लोकांची स्थिती त्यांनी त्या वेळी पाहिली. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे पोचले, ते याच ओळखीतून. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. ही तारीख दांडीयात्रेची आठवण म्हणून निवडलेली आहे.

विमानाने पाच-सहा आठवड्यांची वाट सहा तासांवर आणली, तरी जुने मुद्दे पुसले गेले नाहीत. भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. घड्याळ दीड तास मागे लावावे लागते. दिवाळीनंतरची आणि नाताळची सुट्टी म्हणजे तिथला उन्हाळा आणि वादळांचा मोसम. तेव्हा हवामान खात्याच्या १ ते ४ या पायऱ्यांच्या इशाऱ्यांकडे लक्ष ठेवावे लागते, कारण वरच्या पायरीला रस्ते, दुकाने, विमानतळ बंद होतात. आपल्याकडे धो धो पाऊस पडत असताना तिथे किनाऱ्यावर कोरडी, गार हवा असते आणि पठारावर स्वेटर लागतो. प्रवाळाच्या कडेने चालताना पायात रबरी बूट हवेत. समुद्रसाळ आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा अनवाणी माणसाला महिनाभर जायबंदी करू शकतात. रोपे आणि बियाणे परवान्याशिवाय नेता येत नाही. डुकरे, उंदीर आणि डास आधीच आत येऊन गेलेल्या बेटाचा हा कडकपणा समजण्यासारखा आहे. झोपेची किंवा तीव्र वेदनांची औषधे असतील तर डॉक्टरची चिठ्ठी जवळ हवी.

हिवतापमुक्त झाल्याची ग्वाही मॉरिशसला जागतिक आरोग्य संघटनेकडून १९७३ मध्ये मिळाली. दोनच वर्षांनी एका मोठ्या चक्रीवादळानंतर तो पुन्हा आला आणि त्याला परत हुसकावायला वर्षे लागली. म्हणून हिवताप असलेल्या देशांतून, भारतातूनही, येणाऱ्यांची नोंद आरोग्य खाते ठेवते. गरज वाटली तर कर्मचारी मुक्कामाच्या ठिकाणी येऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात.

गेल्या काही दशकांत या वाटेवर उलट्या दिशेचीही तयारी सुरू झाली आहे. कास्कावेल, आंरिएत किंवा व्हाक्वाच्या परिसरात राहणारे मराठी कुटुंब कोकणात यायचे ठरवते तेव्हा पहिली फेरी असते ती मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. पणजोबाचा क्रमांक सापडला तर उतारा मिळतो: जहाजाचे नाव, उतरल्याची तारीख, उंची, खुणा, जिल्हा आणि गाव. परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डासाठीही हा उतारा उपयोगी पडतो. मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना ते देण्याची घोषणा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मार्च २०२४ मध्ये पोर्ट लुईला केली. गावाचे नाव कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिलेले असते. मग रत्नागिरीच्या तालुक्यांचा नकाशा समोर घेऊन, एकेक स्वर बदलून, ते नाव मोठ्याने उच्चारत बसावे लागते.